साडूंच्या मोटारीत फोडलेला नारळ

नाशिकहून आम्ही निघालो तेव्हा स्टिअरिंगमागे पिवळा दिवा जळत होता आणि सुमनच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी होती. सुमन म्हणजे माझी बायको. लग्नाला जायचं असो की मयताला, प्रवासात शेंगा हव्यातच असा तिचा नियम आहे. आमचा हा प्रवास दोन्हींच्या मधला होता.

गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे एक स्कूटर आहे आणि तीसुद्धा माझं ऐकत नाही. गाडी होती माझे साडू वसंतराव यांची, म्हणजे सुमनच्या थोरल्या बहिणीच्या, शालूताईंच्या यजमानांची. वसंतराव बरीच वर्षं मस्कतला नोकरीला होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आखातातून येणारा माणूस तेव्हा टीव्ही आणायचा, फार तर फ्रीज. वसंतरावांनी अख्खी पांढरी जपानी मोटार जहाजातून आणली. मग उरलेली नोकरी संपवायला पुन्हा मस्कतला जाताना ती आमच्या दारात उभी करून गेले. "मधुकरराव, आठवड्यातून एकदा फिरवून आणत जा. बाकी काही करू नका," एवढंच त्यांचं सांगणं होतं.

शालूताईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "सुमन, तुझ्या ह्यांना जमेल ना गं?"

"ताई, ह्यांच्या हातून आजवर साधा कप फुटला नाही!" सुमनने ठणकावलं.

कप फुटले होते. मी तिथेच कबूल करणार होतो, पण सुमनने माझ्या पायावर पाय दिला.

आता रविवारी वसंतराव आणि शालूताई येणार होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं आणि नवरीने ह्याच गाडीतून कार्यालयात जायचं असं ठरलेलं होतं. गाडीत दिवा दिसला असता तर सुमनला माहेरच्या एकाही कार्यात मान वर करता आली नसती. आणि दिवा लागला होता तो माझ्यामुळे.

त्याचं असं झालं. दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. नारळ बॉनेटवर फोडला तर पोचा येईल, चाकापुढे फोडला तर करवंटी टायरात घुसेल, म्हणून फार विचार करून मी बॉनेट उघडलं. आत कडेला पाटासारखी दिसणारी एक काळी पेटी होती. तिच्याशेजारच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि पाणी कुठे गेलं ते न बघता बॉनेट लावलं. आपण परक्याच्या वस्तूची किती काळजी घेतो, असंसुद्धा मला त्या वेळी वाटलं होतं, ह्याची आज लाज वाटते. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं आणि पिवळा दिवा लागला.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पाहिलं. ती पेटी ब्रेकची होती. जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. तसं होऊ नये म्हणून ही पेटी, म्हणजे एक लहानसा संगणकच, ब्रेक भराभर सोडते आणि धरते. दिवा लागला याचा अर्थ पेटीने काम सोडलं. पेटीने काम सोडलं तरी साधे ब्रेक लागतात, असं पुढच्याच पानावर छापलेलं होतं. त्या पानापर्यंत मी पोहोचलो नाही. तिथेच पुस्तक मिटलं आणि डोक्याला हात लावून बसलो.

मुंबईला एका ठिकाणी फोन केला, तर पेटी परदेशातून मागवावी लागेल, होळीपर्यंत येईल, असं उत्तर मिळालं. शेवटी शेजारच्या कापडवाल्यांनी मार्ग दाखवला. "भिवंडीला जा," ते म्हणाले. "तिथे हल्ली परदेशातले जुने माग येतात, त्यांच्यात अशाच पेट्या असतात. दुरुस्त करणारेही आहेत. गायकवाडचं गॅरेज विचारा."

निघताना सुमनने अट घातली. "दिवा लागलाय, एवढंच सांगायचं. नारळाचं नाव कुणापुढे काढायचं नाही. लोकांच्या तोंडून ताईपर्यंत जायला वेळ लागत नाही."

मी शब्द दिला. देतानाच अपराधी वाटायला लागलं, कारण मला मी ठाऊक आहे.

कसारा घाट मी पहिल्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक नाहीत ह्याच समजुतीत असल्यामुळे गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती आणि मागे ट्रकांची रांग घाटाच्या वरच्या वळणापर्यंत गेली होती. त्या सगळ्यांची माफी मागावी असं मला फार वाटत होतं. पण तिकडच्या गाड्यांप्रमाणे हिचं स्टिअरिंग डावीकडे. मी हात बाहेर काढला तर तो फक्त डोंगराला दिसायचा. म्हणून मी सुमनला विनवलं आणि ती उजव्या खिडकीतून प्रत्येक ट्रकवाल्याला हात जोडत राहिली. पुढे जाणारे ट्रकवाले गाडीच्या उजव्या अंगाला बघायचे, तर तिथे एक नऊवारीतली बाई स्टिअरिंगशिवाय बसून शेंगा सोलतेय आणि मधूनच नमस्कार करतेय. एकाने शिवी अर्ध्यावर सोडली आणि उलट नमस्कार केला.

घाटाच्या पायथ्याशी हवालदाराने थांबवलं. तो सरळ सुमनच्या खिडकीशी आला.

"बाई, गाडी चालवताना शेंगा खाता?"

"मी कुठे चालवतेय? हे चालवतात."

त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही इकडे कशा बसलात?"

"गाडीच तशी आहे. मी बसले सरळच."

"हवालदारसाहेब," मला राहवेना, "चूक सगळी माझी आहे."

"कसली चूक?"

सुमनचा पाय माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. तिने चपळाईने मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या. "घ्या. खारवलेल्या आहेत." तो शेंगांकडे बघत राहिला आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये निसटलो.

पडघ्याला चहासाठी थांबलो. नाक्यावर ट्रक, एसट्या आणि गवताच्या भाऱ्यांनी भरलेले टेम्पो. हॉटेलाच्या पायरीशी एक म्हातारी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. तिने गाडी बघितली, सुमन उजव्या दारातून उतरताना बघितली आणि हरखून म्हणाली, "बाय, तू चालवत आणलीस? बरा केलास! आमच्याकडल्या बाया टेंपूत मागं बसतात."

सुमन चहा सांगायला आत गेली. तेवढ्यात मी म्हातारीसमोर उकिडवा बसलो. का बसलो ते मलाही सांगता येणार नाही. तिचा चेहरा ऐकून घेणारा होता.

"आजी, गाडी साडूंची आहे. मी तिच्यात नारळ फोडला."

"मंग? गारीला नारल फोरायचाच असतो."

"आत फोडला. इंजिनापाशी."

"आत?" तिने काकडी खाली ठेवली. "आत कशाला? देव बाहेर हाय."

"चुकलं माझं. आता ती चालेना."

"चालत न्हाय तं नाशकासना आली कशी?"

मी वळून गाडीकडे पाहिलं. मागे सुमन चहाचे ग्लास घेऊन उभी होती. "अजून भिवंडी आली नाही," ती म्हणाली, "आणि तुमचं कीर्तन सुरू!"

भिवंडी दिसायच्या आधी ऐकू येते. गावात शिरलो तसा आधी पावसासारखा, मग रेल्वेसारखा आणि शेवटी कशाहीसारखा नाही असा आवाज येऊ लागला. गल्लीगल्लीत मागांचे कारखाने. खिडक्यांतून आत बघावं तर ओळीने माग आदळताहेत आणि मधल्या बोळातून बनियनवरची माणसं सावकाश फिरताहेत. तारांवर, कौलांवर, शेळ्यांच्या पाठीवरसुद्धा कापसाचा पांढरा भुरा. हातगाड्यांवर बीमा (ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठे रूळ) लादून माणसं त्या पळवत होती. इथली माणसं बोलतात ती ओरडूनच. पत्ता विचारला तर माझ्या कानाशी येऊन एकाने असा दणदणीत सांगितला की सुमन दचकली. तो रागावलेला नव्हता. उलट थोडं अंतर सोबत चालून आला.

गायकवाडचं गॅरेज दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात होतं. गायकवाड चाळिशीचा, कुरळ्या केसांचा आणि स्वतःवर अतिशय खूश असलेला माणूस. "काका, आपण ट्रक खोलतो, ट्रेलर खोलतो," त्याने ओरडून ओळख करून दिली. "जत्रेतला आकाशपाळणा खोललाय एकदा!"

"परत जोडलात का?" सुमनने ओरडून विचारलं.

"जत्रा संपली होती, काकू!"

तो ऐटीत उजवीकडचं दार उघडून आत बसला, हात पुढे केले आणि हवेत तसेच राहिले. "आयला! स्टिअरिंग गेलं कुठं?" मग स्वतःच हसत डावीकडे गेला, चावी फिरवली, दिवा पाहिला आणि बाहेर येऊन माझ्या कानाशी आला.

"कधीपासून?"

"तुळशीच्या लग्नापासून!"

"काय?"

"तुळशीच्या! लग्नापासून!"

"पाणीबिणी गेलं का आत?"

मी सुमनकडे पाहिलं. तिने मान अशी हलवली की 'एक शब्द बोलाल तर याद राखा'. पण त्याने सरळ विचारलं होतं, आणि डॉक्टरला, वकिलाला आणि मेकॅनिकला खोटं सांगू नये असं मला वाटतं. शिवाय ह्या गदारोळात ऐकणार कोण? मी त्याच्या कानाजवळ गेलो, पोटातून श्वास घेतला आणि होता नव्हता तो जोर लावून ओरडलो,

"मी बॉनेट उघडून आत..."

आणि वीज गेली.

"...नारळ फोडला!"

भिवंडीत वीज जाते तेव्हा काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. सगळ्या गल्लीतले सगळे माग एकाच क्षणी थांबतात. कानांत पोकळी होते. त्या पोकळीत माझा नारळ दोन्ही भिंतींवर आपटून, गल्लीच्या टोकाला जाऊन परत आला. दूरवर कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं. मग एकेका खिडकीतून माणसं डोकावली.

"किसने फोड़ा नारियल?" वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं.

"इन्होंने," समोरच्या पानवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"कहाँ?"

"गाड़ी के अंदर!"

"अंदर काहे को?"

ह्याचं उत्तर ऐकायला अर्धी गल्ली खाली उतरली. वीज नाही म्हणजे हाताला काम नाही, त्यामुळे सगळ्यांना वेळ होता. सुमन आभाळाकडे बघत उभी होती. पुढचा सगळा दिवस मी त्या गल्लीत 'नारियलवाले चचा' होतो आणि सुमन 'चाची'. चाचीच्या शेंगा अर्ध्या गल्लीने खाल्ल्या.

गायकवाडने पेटी उपसून काढली. तिच्याखाली हळदकुंकवाचा थर, त्यात चिकटलेल्या अक्षता आणि नारळाच्या शेंड्या. तो सगळं निरखून म्हणाला, "काका, नारळाचं ठीक हाय. पण हिचं लगीन कुणाशी लावलं?"

गल्ली खदखदून हसली. त्याने झाकण उघडलं आणि हसणं थांबलं. आत मुंग्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, अख्खी वसाहत. गोड पाण्याच्या वासाने आलेल्या त्या बिचाऱ्यांनी संगणकात घर केलं होतं, अंडी घातली होती. मला आणखी एक अपराध दिसू लागला.

"आणि हे काय?" गायकवाडने पेटीखालच्या सांदीतून एक लांबट बी काढली. "खजूर! जेवण पण घातलंत वऱ्हाडाला?"

"आपण खजूर नव्हता ठेवला," सुमन म्हणाली.

"मुंग्यांनी आणली असेल," मी म्हणालो.

"खजुराची बी उचलणारी मुंगी असंल तर मी तिला उद्यापासून कामावर घेतो," गायकवाड म्हणाला. "ट्रकचा गिअरबॉक्स उचलायला."

माझ्याच खिशातून पडली असणार, असं मी ठरवून टाकलं. घरात खजूर येत नाही ही गोष्ट मी विचारात घेतली नाही. सुमनने मात्र बी पुसली, शेंगांच्या कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

गायकवाडचं मत पडलं की दुसरी पेटीच बसवावी. सुमनला गल्लीच्या ताब्यात देऊन मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो आणि आम्ही जवळच्या दापोड्याला गेलो. शेतांच्या मधोमध गोदामं उभी राहिली होती आणि आणखी राहत होती, एका बाजूला भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड. एका शेडमध्ये परदेशी गाड्यांचं सुटं सामान होतं. मालकाने एक पिंप आमच्यापुढे उपडं केलं. पेट्याच पेट्या. "सब दिमाग हैं," तो अभिमानाने म्हणाला. गायकवाडने डोळे मिटल्यासारखं करून त्यातली एक उचलली. रंग तोच, आकार तोच, वायरी जिथे बसतात ती खोबणही तीच.

परत येऊन ती बसवली, चावी फिरवली, आणि दिवा विझला! गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी गायकवाडचे हात धरले. तेवढ्यात गाडीच्या पोटातून गुरगुर ऐकू आली. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, कुणाचा पाय कुठे नाही, आणि ब्रेकचं पेडल एकटंच वरखाली नाचत होतं. मग मागचे लाल दिवे लागले, विझले, लागले. पुढे जमलेले लोक मागे गेले, मागचे पुढे आले.

"आधी बाहेर या तुम्ही!" सुमन ओरडली. मी बाहेरच होतो. तिने तरी मला आणखी बाहेर ओढलं.

गायकवाडने वायर उपटली. गुरगुर थांबली. "दुसऱ्या घराण्यातली हाय," तो घाम पुसत म्हणाला. "नांदायची न्हाय. चला, नसीरभाईकडं."

नसीरभाई शेजारच्याच सायझिंगमध्ये (सुताला खळ चढवून वाळवण्याचा कारखाना) बसायचे. मेंदी लावलेली दाढी, कपाळावर चष्मा. नव्या मागांच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या ते दुरुस्त करायचे. त्यांची प्रस्तावना गायकवाडपेक्षा मोठी होती.

"भाईसाब, मैंने हवाई जहाज़ का भी किया है."

"खरंच? कुठलं?"

"खिलौना था. मगर उड़ता था."

त्यांनी जुनी पेटी घेतली, मुंग्या पाहिल्या आणि ब्रश उचलला. मी त्यांचा हात धरला.

"जरा हळू. त्यांचा काही दोष नाही. मी बोलावलं म्हणून आल्या."

नसीरभाईंनी चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे बघितलं, सुमनकडे बघितलं. "भाभी, ये हमेशा ऐसे हैं?"

"आजन्म," सुमन म्हणाली.

त्यांनी कोपऱ्यातून चिमूटभर साखर आणवली, भिंतीच्या बुडाशी ठेवली आणि पेटी तिथे हळूच झटकली. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीच्या चिरेकडे निघाल्या. "नाशिक से आई हैं," गायकवाडने सगळ्यांना माहिती पुरवली.

"रहने दो," नसीरभाई म्हणाले. "यहाँ सब बाहर से ही आए हैं. मैं यूपी के मऊ से आया, वो सुरत से आया. चार दिन में ये भी शिफ्ट में लग जाएँगी."

पेटी स्पिरिटने आणि दात घासायच्या ब्रशने धुतली गेली. एक पिन हिरवी पडली होती आणि एका जागी वायर जोडणारा कथलाचा डाग तडकला होता. डाग द्यायचं हत्यार विजेवरचं, आणि वीज नाही. नसीरभाईंनी त्याचं टोक बॉयलरच्या निखाऱ्यात तापवलं, फुंकर मारली आणि पेटीला टेकवलं. पहिला डाग चुकला, ते स्वतःला काहीतरी बोलले आणि मलाही. "आप साँस मत लो," म्हणाले, "आपकी साँस में भी अफ़सोस है." दुसरा बसला. मग पेटी वाळवायची. सुताच्या ताण्यांच्या शेजारी, थांबलेल्या पण अजून गरम असलेल्या पिंपांपासून हातभर अंतरावर, तिला दोरीला टांगलं. खळीचा पेजेसारखा वास येत होता आणि साडूंची पेटी वाळवणातल्या पापडासारखी झुलत होती.

बसवून चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, डोळा मिचकावला आणि विझला. गुरगुर नाही, नाच नाही. गल्लीने आता टाळ्या वाजवायला घाई केली नाही.

"अजून पास न्हाय," गायकवाड म्हणाला. "जोरात ब्रेक मारून बघायचा."

गोदामांकडच्या मातीच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी डावीकडे, सुमन उजवीकडे, गायकवाड मागे मधोमध. "मी ओरडलो की पाय पूर्ण दाबायचा. सोडायचा न्हाय. काय झालं तरी सोडायचा न्हाय." गाडीने वेग घेतला आणि तो ओरडला. मी दाबला. पेडल पायाखाली थडथडायला लागलं, आतून करकर आली आणि मी पाय उचलून किंचाळलो, "मोडली! परत मोडली! मीच मोडली!"

"काका!" गायकवाडने दोन्ही हात कपाळावर मारले. "तेच तिचं काम हाय! सोडते-धरते, सोडते-धरते! ती थडथडली म्हंजे जिवंत हाय!"

"ह्यांना कुणीतरी थडथडून उत्तर दिलं की ह्यांना आपलीच चूक वाटते," सुमन म्हणाली.

दुसऱ्या वेळेला मी डोळे बारीक करून पाय दाबून धरला. तळव्याखाली एक लहानसा मागच चालू झाल्यासारखं वाटलं, खट-खट-खट-खट, भिवंडीच्याच चालीत. गाडी रेषेत, जराही न घसरता थांबली. थांबल्या नाहीत त्या फक्त सुमनच्या उरलेल्या शेंगा. त्या काचेपर्यंत गेल्या. एक काचेवरून उडून गायकवाडच्या केसांत सापडली.

"पास!" तो म्हणाला आणि ती शेंग खाल्ली.

गल्लीत निरोप घेताना वीज आली. माग एकदम सुरू झाले, सगळे पुन्हा ओरडायला लागले आणि कोण काय म्हणतंय ते कळेनासं झालं. खिडकीखिडकीतून हात हलत होते. पानवाल्याने दोन्ही हातांनी नारळ फोडल्याची खूण केली. मीही केली.

घाट चढताना डॅशबोर्डवर एक मुंगी दिसली. बाकीच्या भिवंडीला राहिल्या आणि ही एकटीच परत निघाली होती. मी सुमनला सांगितलं नाही. खिडकी मात्र बंद केली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

रविवारी वसंतराव आणि शालूताई आले. शालूताईंनी गाडीभोवती फेरी मारली, बोट फिरवून धूळ बघितली, आत डोकावल्या. "काही झालं नाही ना गं?"

"काय व्हायचंय?" सुमन म्हणाली. "ह्यांच्या हातात होती."

माझ्या घशाशी सगळी भिवंडी आली होती. मी पाणी प्यायलो. परत प्यायलो. सुमन माझ्या पायाशेजारी पाय ठेवूनच उभी होती.

निघायची वेळ झाली. "सुमन, एक नारळ दे," वसंतराव म्हणाले. "उद्या माझी पोर बसणार हिच्यात." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. त्यांनी पिशवीतून मस्कतच्या खजुराचा डबा काढला आणि बॉनेटकडे गेले. मला वाटलं, वर ठेवतील. त्यांनी बॉनेट उघडलं. मग एक खजूर काढून आमच्या त्या काळ्या पेटीवर नेमका मधोमध ठेवला आणि हात जोडले.

"बाहेर फोडला की पोचा येतो, मधुकरराव," ते मला समजावून सांगू लागले. "म्हणून मी आतच फोडतो. गाडी बंदरातून आणली तेव्हाही आतच फोडला होता. खजूर ठेवला होता. म्हटलं, तिकडची आहे बिचारी, तिला ओळखीचं काहीतरी."

सुमनने सावकाश पर्स उघडली. शेंगांचा कागद सोडला, बी बघितली आणि मला दाखवली. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं तेज होतं.

"अहो," ती गोड आवाजात म्हणाली, "सांगा ना आता. भिवंडीचं सांगा."

"भिवंडीचं काय?" शालूताईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. इतके दिवस ज्यासाठी जीव तडफडत होता ते बोलायची अखेर परवानगी मिळाली होती. पाणी माझ्या नारळाचं होतं की त्यांच्या, की दोघांचं मिळून, कोण सांगणार? निदान अर्धं ओझं तरी उतरणार होतं. पण ते उतरणार कुणावर? वसंतराव नारळ छातीशी धरून उभे होते. उद्या त्यांची मुलगी जाणार होती. ह्या माणसाला आज रात्रभर पेटी, मुंग्या आणि पिवळा दिवा दिसावा? ते ओझं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"भिवंडीला," मी म्हणालो, "कापड चांगलं मिळतं."

सुमनने बी परत पर्समध्ये टाकली आणि पर्स खाडकन मिटली.

मी वसंतरावांच्या हातून नारळ घेतला. "आणि हा हिच्यावर नको. माझ्या स्कूटरवर फोडू. दारात आधी ती आली, मान तिचा." ते हसले. मी स्कूटरच्या पत्र्यावर नारळ हाणला. स्कूटरला भलामोठा पोचा आला. पेटीवरचा खजूर उचलून मी प्रसाद म्हणून खाल्ला आणि बी खिशात टाकली.

गाडी कोपऱ्यावर गेली, लाल दिवे लागले, सरळ रेषेत थांबली आणि वळून दिसेनाशी झाली.

"जन्मात पहिल्यांदा बोला म्हटलं," सुमन म्हणाली, "तर गप्प!"

मला त्याचंही वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर फार नाही. प्रवासाने माणूस बदलतो असं म्हणतात. मी बदललो असं मला वाटत नाही, कारण ती हकिकत मी आता इथे सगळ्यांना सांगतोच आहे. फक्त बोलायचं ते भिवंडीत, माग चालू असताना, असं मी ठरवून टाकलं आहे. वीज कधी जाते ते मात्र आधी विचारून घ्यावं.

स्कूटरचा पोचा अजून काढलेला नाही. त्यात पावसाचं पाणी साचतं आणि दसऱ्याच्या सुमारास कधी कधी मुंग्या येतात. मी त्यांना कडेने जाऊ देतो.